महाराष्ट्रातील गर्भपातांचा वार्षिक आकडा नेमके काय मोजतो?

१/
दर वर्षी एक बातमी ठरलेल्या साच्यात येते: ‘राज्यात गर्भपातांचे प्रमाण वाढले’. आकडा माहितीच्या अधिकारातून किंवा सभागृहातील लेखी उत्तरातून मिळालेला असतो. सोबत सोनोग्राफी यंत्राचे छायाचित्र असते आणि शेवटच्या परिच्छेदात मुलींच्या घटत्या संख्येबद्दल चिंता व्यक्त केलेली असते. वाचणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात: गर्भपात वाढले, म्हणजे मुली मारल्या गेल्या. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्याची किंमत महाराष्ट्रातील स्त्रिया मोजत आल्या आहेत.

२/
या धाग्याचे प्रतिपादन असे: शासनाचा वार्षिक आकडा राज्यात झालेले गर्भपात मोजत नाही. तो मान्यताप्राप्त केंद्रांत झालेले आणि नोंदवहीत चढलेले गर्भपात मोजतो. १९७२ पासून हा एकच रकाना शासनाने दोनदा, परस्परविरुद्ध अर्थांनी वाचला. आधी तो फुगला की कार्यक्रमाचे यश मानले गेले, नंतर तो फुगला की गुन्ह्याचा पुरावा. दोन्ही वेळा त्या रकान्यामागच्या स्त्रीला काय हवे होते, हा प्रश्न छापील नमुन्यात नव्हताच.

३/
पहिला घोळ भाषेचा आहे. मराठीत ‘गर्भपात’ या एकाच शब्दात आपोआप पडलेला गर्भ आणि ठरवून केलेला गर्भपात, दोन्ही येतात. बोलीत फरक आहे: ‘पडलं’ आणि ‘पाडलं’. दवाखान्याच्या दारात त्याला ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात, आणि तो शब्द दोन्हींना लागतो. छापील बातमीत हा भेद पुसला जातो. शासकीय माहिती प्रणालीतही आपोआप झालेल्या आणि केलेल्या गर्भपातांची बेरीज एका ओळीत मांडली गेलेली आहे. ती ओळ उचलून ‘केलेले गर्भपात’ म्हणून छापणे सोपे, आणि साफ चूक.

४/
त्यावर ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द चढतो. ‘भ्रूणहत्या’ हा धर्मशास्त्रातला महापातकाचा शब्द. प्राचीन धर्मसूत्रांत ‘भ्रूणहन्’ म्हणजे विद्वान ब्राह्मणाचा वध करणाराही. कायदा हा शब्द वापरत नाही. कायद्याच्या दृष्टीने गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, आणि अटी पाळून केलेला गर्भपात वैध आहे. प्रत्येक गर्भपाताला हत्या म्हणणारी भाषा हा भेद मिटवते. मग कायद्याने दिलेली सेवा घेणारी स्त्री आणि लिंगनिदानाचा धंदा करणारा डॉक्टर एकाच पिंजऱ्यात उभे राहतात.

५/
या संशयाचे मूळ जुने आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने कलम ३१२ खाली गर्भपात घडवणे गुन्हा ठरवले. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गर्भाची हालचाल सुरू झाली असेल तर ७ वर्षांपर्यंत. अपवाद एकच: स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने केलेली कृती. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमात गुन्हेगार होती. कागदावर गर्भपात आला तो असा, गुन्हा म्हणून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमाचा क्रमांक ८८ झाला, आशय तोच राहिला.

६/
त्याच दशकात पुण्यात एक वेगळे उत्तर दिले गेले. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल एका तरुण ब्राह्मण विधवेला जन्मठेप होऊन तिची रवानगी अंदमानात झाली होती. त्या घटनेची आठवण जोतीरावांनी पुढे स्वतः लिहून ठेवली. विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, अशी ती व्यवस्था होती. शासनाने शिक्षा दिली, फुल्यांनी दार उघडले आणि गुप्ततेची हमी दिली. स्त्रीने दार ठोठवावे असे वाटत असेल तर तिचा बोभाटा होता कामा नये, हे त्यांना १८६३ मध्ये कळले होते.

७/
स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न आरोग्याचा म्हणून पुढे आला, आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १९६४ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला. चोरून, अशिक्षित हातांनी केलेल्या गर्भपातांत स्त्रिया मरतात आणि कायद्याच्या भीतीने डॉक्टर त्यांना हात लावत नाहीत, ही त्यामागची चिंता होती. पुढचा १९७१ चा कायदा या अहवालातून आला.

८/
शाह समितीपुढेही आकड्याचा प्रश्न होता, कारण गुन्हा असलेल्या कृतीची नोंद कोण करणार? समितीने एक गृहीतक धरले: दर ७३ जिवंत जन्मांमागे २५ गर्भपात, त्यांपैकी १० आपोआप झालेले आणि १५ केलेले. ५० कोटी लोकसंख्येला हे प्रमाण लावल्यावर वर्षाला सुमारे ६५ लाख गर्भपात येत होते, पैकी ३९ लाख केलेले. तो अंदाज होता आणि समितीने तो अंदाज म्हणूनच मांडला होता. पुढच्या सरकारी आकड्यांच्या वाट्याला हा प्रामाणिकपणा क्वचितच आला.

९/
वैद्यकीय गर्भपात कायदा ऑगस्ट १९७१ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने कलम ३१२ रद्द केले नाही. कायद्यातील अटी पाळणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली, एवढेच. गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून आला नाही, डॉक्टरचे संरक्षण म्हणून आला. हे संरक्षण टिकायचे तर डॉक्टरकडे कागद हवा. म्हणून मत नोंदवण्याचा नमुना, संमतिपत्र, नोंदवही आणि मासिक विवरण आले. वार्षिक आकडा या कागदांची बेरीज आहे.

१०/
हा आकडा कशाचा आहे हे समजायचे तर मासिक विवरणाचा नमुना पाहावा. २००३ च्या विनियमांतील नमुना क्रमांक २ मध्ये केंद्राने भरायचे रकाने असे: गर्भ १२ आठवड्यांपर्यंतचा की १२ ते २० आठवड्यांचा, स्त्रीचा धर्म, गर्भपातासोबत नसबंदी केली का, तांबी बसवली का, आणि गर्भपाताचे कायदेशीर कारण. स्त्रीचे वय नाही. ती किती दुरून आली, किती खर्च झाला, आधी कुठून परत पाठवली गेली, हेही नाही. धर्म मात्र विचारला आहे. राज्यसंस्थेला काय जाणून घ्यायचे होते, ते या नमुन्यावर स्वच्छ लिहिलेले आहे.

११/
नसबंदी आणि तांबीचे रकाने तिथे का, याचे उत्तर कायद्याच्या जन्मकाळात आहे. तो काळ कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा होता. कायद्याने गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे विवाहित स्त्रीसाठी गर्भपाताचे कारण मानले. वार्षिक आकडे छापले जात ते कुटुंबकल्याण कार्यक्रमाच्या वार्षिक पुस्तकात, नसबंदी आणि तांबीच्या तक्त्यांच्या सोबतीने. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. ते कायदा बनू शकले नाही, पण त्या वर्षांतली हवा कोणती होती हे त्यावरून दिसते. त्या हवेत गर्भपाताचा वाढता आकडा कोणालाही खटकला नाही. तो कार्यक्रमाचे यश होता.

१२/
मग वारे फिरले. गर्भजल परीक्षा १९७० च्या दशकात जन्मजात दोष शोधण्यासाठी भारतात आली आणि पाहता पाहता लिंगनिदानाचे साधन बनली. १९८० च्या दशकात मुंबई हे या व्यवसायाचे मोठे केंद्र होते. त्याविरुद्ध पहिला संघटित लढाही मुंबईतच उभा राहिला: स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञानाचे कार्यकर्ते एकत्र आले. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

१३/
या लढ्याची एक गोष्ट आज विसरली गेली आहे. कार्यकर्त्यांनी गर्भपातावर बंदी मागितली नव्हती. गुन्हा चाचणीत आहे, गर्भपातात नाही, ही रेषा त्यांनी जाणीवपूर्वक आखली. गर्भपाताचा मार्ग आवळला तर पहिला बळी गरीब स्त्री जाईल, हे त्यांना दिसत होते. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानेही रोख चाचणी करणाऱ्यांवर ठेवला आणि स्त्रीवर पती वा नातेवाइकांची सक्ती झाली असे गृहीत धरले. मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिकाही चाचणीच्या कायद्याची अंमलबजावणी व्हावी, यासाठीच होती.

१४/
पण एक आकडा त्या काळापासून लोकांच्या मनात घर करून आहे. मुंबईतील लिंगनिदानानंतरच्या ८,००० गर्भपातांपैकी ७,९९९ गर्भ मुलींचे होते, असे असंख्य भाषणांत आणि पुस्तिकांत सांगितले गेले. त्यातील ‘लिंगनिदानानंतरच्या’ हा शब्द हळूहळू गळला. जे जोडपे चाचणी करूनच आले, ते मुलगी नको म्हणून आले. त्या गटात मुलींचे गर्भ असणार हे उघड आहे. तो आकडा लिंगनिदानाच्या धंद्याबद्दल सांगतो. राज्यातील एकूण गर्भपातांबद्दल तो काहीही सांगत नाही. तरीही प्रत्येक गर्भपातामागे एक मुलगी, ही समजूत अशाच अर्धवट वाक्यांतून घडली.

१५/
मुलींची घट खरी आहे, आणि ती मोजणारे साधन वेगळे आहे: जनगणनेतील ० ते ६ वयोगटाचे लिंगगुणोत्तर. महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्हा २००१ मध्ये ८९४ वर होता, २०११ मध्ये ८०७ वर कोसळला. त्याच वर्षी गडचिरोली ९६१ वर होता. एका राज्यातल्या दोन जिल्ह्यांमधील ही दरी मुलगा हवा या हव्यासातून, शेती, हुंडा, पैसा आणि सोनोग्राफीच्या सोयीतून पडली. तिला नाकारणारा कोणताही युक्तिवाद अप्रामाणिक ठरेल.

१६/
२०११ नंतर हे दोन आकडे एकमेकांत मिसळले गेले. २०१२ च्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातील परळी येथे गर्भपातादरम्यान मुलींच्या एका तरुण आईचा मृत्यू झाला आणि राज्य हादरले. कारवाई व्हायलाच हवी होती. पण कारवाईचा झोत सोनोग्राफी केंद्रांवर थांबला नाही, तो औषध दुकानांकडे वळला. गर्भपाताच्या गोळ्यांच्या प्रत्येक विक्रीचा हिशेब अन्न व औषध प्रशासन मागू लागले. चौकशीचा ससेमिरा नको म्हणून अनेक दुकानदारांनी गोळ्या ठेवणेच बंद केले. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या स्त्रीलाही ‘नाही’ हे उत्तर मिळू लागले.

१७/
या कारवाईतली विसंगती शरीरशास्त्राची आहे. या गोळ्यांना तेव्हा ७ आठवड्यांपर्यंत परवानगी होती, आता ९ आठवड्यांपर्यंत आहे. सोनोग्राफीवर गर्भाचे लिंग खात्रीने सांगता येते ते त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणजे गोळी घेण्याच्या मुदतीत सोनोग्राफीतून लिंग कळण्याचा मार्गच नसतो. गोळी मिळाली नाही तर स्त्रीचा गर्भपात टळत नाही, लांबतो. लांबलेला गर्भपात अधिक धोक्याचा, अधिक खर्चाचा, आणि लिंगनिदान शक्य असलेल्या काळात ढकललेला असतो. मुली वाचवण्याच्या नावाखाली केलेली ही सक्ती मुलींच्या काही कामाची नव्हती.

१८/
आता ढोबळ हिशेब. २०११ मध्ये महाराष्ट्रात ० ते ६ वयाची सुमारे १ कोटी ३३ लाख मुले होती. नैसर्गिक प्रमाण हजारामागे ९५० धरले, तर ८९४ या गुणोत्तरामुळे सुमारे ४ लाख मुली कमी भरतात. सात वर्षांत विभागल्यास वर्षाला सुमारे ५६ हजार. जन्मानंतर दुर्लक्षामुळे दगावलेल्या मुलीही यातच आल्या. ही संख्या भयंकर आहे. दुसरीकडे, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासाने २०१५ सालचे देशातील गर्भपात १ कोटी ५६ लाख असल्याचा अंदाज दिला. लोकसंख्येच्या प्रमाणात महाराष्ट्राचा वाटा धरला तर तो १४ लाखांच्या पुढे जातो.

१९/
या दोन संख्या शेजारी ठेवल्या तर लिंगनिवडीसाठी झालेले गर्भपात शंभरात चारच्या आसपास येतात. वर्षे वेगळी आहेत, राज्याचा वाटा केवळ लोकसंख्येवरून काढला आहे, त्यामुळे हा हिशेब दिशा दाखवण्यापुरताच घ्यावा. १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या एका अभ्यासात विवाहित स्त्रियांच्या गर्भपातांपैकी सुमारे सहात एक लिंगनिवडीसाठी होता. पश्चिम महाराष्ट्रातील तो काळ पाहता हे प्रमाण आश्चर्याचे नाही. तेच खरे मानले तरी सहांपैकी पाच स्त्रिया वेगळ्या कारणांनी आल्या होत्या: दोन मुलांत अंतर नव्हते, कुटुंब पूर्ण झाले होते, प्रकृती साथ देत नव्हती.

२०/
मग शासकीय आकडा किती मोजतो? संपूर्ण देशाची अधिकृत वार्षिक बेरीज दीर्घकाळ ६ ते ७ लाखांच्या आसपास राहिली. लॅन्सेटमधील अंदाजानुसार त्या १ कोटी ५६ लाखांपैकी ७३ टक्के गर्भपात आरोग्यकेंद्राबाहेर गोळ्यांनी झाले, ५ टक्के इतर मार्गांनी, आणि केवळ २२ टक्के आरोग्यकेंद्रांत. हे २२ टक्केही ३४ लाखांच्या घरात जातात. म्हणजे रुग्णालयांत झालेल्या पाच गर्भपातांपैकी चारसुद्धा सरकारी बेरजेत आले नव्हते. अशा बेरजेत दहा टक्के चढ-उतार झाला म्हणून समाजाच्या नीतीबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे धरणातली एक बादली पाहून पावसाळा ठरवण्यासारखे आहे.

२१/
महाराष्ट्राचा आकडा इतर राज्यांच्या तुलनेत मोठा दिसतो, त्याचे पहिले कारण इथेच आहे. मान्यताप्राप्त केंद्रांच्या संख्येत हे राज्य देशात आघाडीवर राहिले आहे. जिथे केंद्र आहे तिथे नोंदवही आहे, जिथे नोंदवही आहे तिथे आकडा आहे. २००२ च्या दुरुस्तीने केंद्रांना मान्यता देण्याचे अधिकार जिल्हा समितीकडे आले. खासगी रुग्णालये नियमित विवरण पाठवू लागली की आकडा चढतो. एखाद्या तालुक्याच्या गावी नवे केंद्र सुरू झाले की आकडा चढतो. ज्या राज्यांत आकडा छोटा आहे तिथल्या स्त्रिया गर्भपात करत नाहीत असे नाही. त्या कुठे करतात, ते शासनाला ठाऊक नाही.

२२/
याचा उलट पुरावा म्हैसाळचा. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील या गावात गर्भपातानंतर एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात पुरलेले १९ गर्भ सापडले. रुग्णालय चालवणारा डॉक्टर होमिओपॅथीचा होता. कायद्याने त्याला गर्भपात करण्याचा अधिकारच नव्हता, मग त्याने मासिक विवरण कोणाला पाठवायचे? लिंगनिवडीचा गुन्हा ज्या काळोखात चालतो तिथे नमुना क्रमांक २ पोहोचत नाही. वार्षिक आकड्याकडे बोट दाखवून या गुन्ह्याबद्दल बोलणारे अधिकारी उजेडात बसलेल्या माणसांची झडती घेत आहेत.

२३/
इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. लिंगनिवडीची शेवटची पायरी गर्भपातच असते, मग तिच्यावर पाळत का ठेवू नये? कारण त्या पायरीवर निरपराध आणि अपराधी यांना वेगळे ओळखता येत नाही. वीस स्त्रिया एकाच टेबलावर एकाच कारणाच्या रकान्यात येतात, त्यांपैकी एकीच्या घरच्यांनी आधी चाचणी केली असेल. चाचणीच्या जागी मात्र गुन्हा नेमका सापडतो: यंत्र, डॉक्टर, पैसे, साक्षीदार. १२ आठवड्यांनंतरच्या प्रत्येक स्त्रीला संशयित मानले की डॉक्टर कायद्याने करता येणारा गर्भपातही नाकारतो, आणि ती स्त्री म्हैसाळसारख्या ठिकाणी जाते.

२४/
यंत्रावर नजर ठेवण्याचा प्रयोगही महाराष्ट्रानेच केला. २०१० च्या सुमारास कोल्हापूर जिल्हा प्रशासनाने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण जोडले. कोल्हापूरचे बाल लिंगगुणोत्तर २००१ मधील ८३९ वरून २०११ मध्ये ८६३ झाले. हे श्रेय उपकरणाच्या खाती टाकता येणार नाही, कारण जनगणनेत मोजलेली बहुतेक मुले त्याआधी जन्मली होती. रुग्णाच्या खासगीपणाबद्दलचे प्रश्नही त्या उपकरणाला लागू आहेत. तरीही दिशा लक्षात घ्यावी: पाळत चाचणीवर होती, गर्भपाताच्या टेबलावर नव्हती.

२५/
नोंदवहीत न येणाऱ्यांमध्ये एक मोठा गट अल्पवयीन मुलींचा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक प्रकरण पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. बळजबरी झालेल्या मुलीला त्यातून संरक्षण मिळावे, हा हेतू योग्य होता. पण संमतीच्या संबंधातून दिवस गेलेली सतरा वर्षांची मुलगी पोलिसांच्या भीतीने केंद्रात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. त्याच निकालाने २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतले. हा निकाल तालुक्याच्या रुग्णालयातील टेबलापर्यंत पोहोचला, तर नोंदी वाढतील. मग ‘गर्भपात वाढले’ अशी बातमी येईल काय?

२६/
म्हणून आकडा वाचण्याची रीत बदलावी लागेल. वाढ दिसली की पहिले प्रश्न हे असावेत: केंद्रे किती वाढली? खासगी विवरणे किती आली? १२ आठवड्यांच्या आतील गर्भपातांचा वाटा वाढला की घटला? आतील वाटा वाढत असेल तर स्त्रिया वेळेवर, सुरक्षित हातांत पोहोचत आहेत, ती समाधानाची बाब आहे. एकूण आकडा घसरला आणि नंतरच्या आठवड्यांचा वाटा वाढला, तर ते धोक्याचे लक्षण आहे. आज बातमी होते ती नेमकी उलट्या दिशेने.

२७/
शासनाकडे मागण्या साध्या आहेत. गर्भपाताचा जिल्हावार आकडा केंद्रांच्या संख्येसह प्रसिद्ध करावा. आपोआप झालेले आणि केलेले गर्भपात वेगळे दाखवावेत. नमुन्यातील धर्माचा रकाना काढून वयोगट आणि प्रवासाचे अंतर विचारावे. गर्भपाताच्या आकड्याची चर्चा लिंगनिदानाच्या बैठकीत करू नये. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या दुकानांत उपलब्ध राहतील, याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी. आणि सरकारी फलकांवरून, भाषणांतून ‘भ्रूणहत्या’ हा शब्द जावा. गुन्ह्याचे नाव ‘गर्भलिंगनिदान’ आहे, तेच लिहावे.

२८/
१९७१ च्या कायद्यानंतर शासनाने गर्भपाताची नोंदवही गुप्त ठेवण्याचा नियम केला, आणि २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख उघड करणाऱ्यास वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. १८६३ मध्ये पुण्यात एका जोडप्याने जे स्वतःच्या हिमतीवर दिले होते, ते कायद्यात यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. तोच नियम पाळत मोजणी करता येते. शासनाला मुली हव्या असतील तर त्यांनी सोनोग्राफीच्या खोलीत जावे, आणि मुलगी जन्मली की तिच्या वाट्याचे शेत, शिक्षण आणि दूध कुठे जाते ते पाहावे. गर्भपाताच्या रकान्यात त्या सापडणार नाहीत. तिथे सापडतात त्या वेळेवर डॉक्टरकडे पोहोचलेल्या, आणि म्हणून जिवंत असलेल्या स्त्रिया.

(धागा समाप्त)